घटक ४ : दान, त्याग आणि लोकशंका – औसा परिसराच्या संदर्भात

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
- 'दान', 'भिक्षा', 'देणगी', 'मदत' आणि 'त्याग' या शब्दांमधील अर्थभेद स्पष्ट करता येतील.
- दानाविषयीची लोकशंका मराठी म्हणींमधून कशी व्यक्त झाली आहे, हे सांगता येईल.
- बहमनी काळ, भूदान चळवळ आणि १९९३ चा किल्लारी भूकंप या संदर्भांत त्यागाची व शंकेची चिकित्सा करता येईल.
- 'शंका' आणि 'संशय' यांतील फरक ओळखून एखाद्या दानकार्याविषयी साधार मत मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण वैचारिक लेखनात संकल्पना कशा उलगडल्या जातात याचा परिचय करून घेतला. या घटकात एकच संकल्पना घेऊन ती भाषा, परंपरा, इतिहास आणि वर्तमान या चार अंगांनी तपासायची आहे. ती संकल्पना म्हणजे दान. आणि दानाच्या मागोमाग नेहमी येणारी लोकांची शंका.

एखाद्या धनवंताने आपली संपत्ती गोरगरिबांसाठी दिल्याची बातमी गावात आली, की दोन प्रकारचे उद्गार एकाच पारावर ऐकू येतात. एक म्हणतो, "माणूस मोठ्या मनाचा." दुसरा म्हणतो, "यात त्याचा काहीतरी फायदा असणार." पहिला भोळा आणि दुसरा कुजकट, असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. दोघांच्याही बोलण्यामागे समाजाचा दीर्घ अनुभव आहे. तो अनुभव समजून घेणे हा या घटकाचा हेतू आहे.

त्यासाठी औसा परिसर निवडण्याचे कारण स्पष्ट आहे. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातच किल्लारी हे गाव आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तेथे झालेल्या भूकंपानंतर देशभरातून आणि देशाबाहेरून या परिसराकडे मदतीचा ओघ आला. देणारे, वाटणारे आणि घेणारे अशा तिन्ही नात्यांनी येथील माणसांनी दानाचा अनुभव घेतला आहे. तुमच्यापैकी काहींच्या घरी त्या दिवसांच्या आठवणी अजून सांगितल्या जात असतील. त्यामुळे हा विषय तुम्हाला केवळ पाठ्यपुस्तकातला वाटू नये.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ देण्याचे शब्द आणि देणाऱ्या-घेणाऱ्याचे नाते

मराठीत देण्याच्या क्रियेसाठी अनेक शब्द आहेत. प्रत्येक शब्द देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वेगवेगळ्या पायरीवर उभे करतो.

'दान' या शब्दाला धार्मिक पुण्याची पार्श्वभूमी आहे. दान देणाऱ्याला पुण्य लाभते, अशी श्रद्धा असल्यामुळे दानाच्या व्यवहारात देणाराही काहीतरी मिळवतच असतो. 'सत्पात्री दान' या शब्दप्रयोगात घेणाऱ्याची पात्रता तपासण्याचा अधिकार देणाऱ्याकडे गेलेला दिसतो. 'भिक्षा' हा शब्द मुळात हीन नाही. संन्यासी, बैरागी किंवा माधुकरी मागणारा विद्यार्थी यांच्या संदर्भात त्याला प्रतिष्ठा होती. त्याच शब्दापासून आलेल्या 'भीक' या शब्दात मात्र ही प्रतिष्ठा उरलेली नाही.

'वर्गणी' हा शब्द समानतेचा आहे. वर्गणी देणारा आणि तिचा लाभ घेणारा एकाच समूहातले असतात. गणेशोत्सवाची किंवा सप्ताहाची वर्गणी देणाऱ्यास आपण दाता म्हणत नाही. 'देणगी' हा शब्द प्रामुख्याने संस्थेच्या संदर्भात येतो आणि तिच्यासोबत पावती येते. 'अनुदान' शासनाकडून मिळते. ते मागण्यात नागरिकाचा हक्क असतो. 'मदत' हा शब्द यांतील सर्वांत मोकळा आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याला केलेली ती मदत.

'त्याग' या शब्दाचा भर वेगळ्याच बाजूवर आहे. दानात 'काय दिले' हे महत्त्वाचे ठरते, तर त्यागात 'देणाऱ्याजवळ काय उरले' हे. शंभर एकरांच्या मालकाने एक एकर दिले तर ते दान होईल. दोन एकरांच्या मालकाने एक एकर दिले तर तो त्याग होईल. क्षेत्र तेवढेच, पण शब्द बदलला. 'ऐपत' आणि 'दानत' हे दोन शब्द लोकभाषा वेगळे ठेवते, ते याच कारणाने. ऐपत असूनही दानत नसणे आणि ऐपत नसूनही दानत असणे या दोन्ही गोष्टी खेड्यातील माणूस रोज पाहत असतो.

४.२.२ म्हणींमधील लोकशंका

दानाची थोरवी कीर्तन-पुराणांतून सांगितली गेली; दानाविषयीची शंका मात्र म्हणींनी जपली. या म्हणी अर्थानुसार लावल्या, तर त्यांतून चार प्रश्न हाती येतात.

(१) दिले ते कोणाचे? 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' ही म्हण तुम्हाला परिचित आहे. तुळशीपत्र ठेवणे म्हणजे त्या वस्तूवरचा हक्क सोडून ती अर्पण करणे. पण घर हलवायाचे आणि अर्पण करणारा भलताच! दुसऱ्याच्या धनावर उदार होणाऱ्याला ही म्हण अचूक पकडते.

(२) दिले ते कशासाठी? 'आवळा देऊन कोहळा काढणे' या वाक्प्रचारात थोडे देऊन अधिक मिळवण्याचा हिशेब उघड केला आहे. आवळा पैशाचा असेल आणि कोहळा मानाचा, मतांचा किंवा नावाचा, तरी प्रश्न तोच राहतो.

(३) वाटेत काय झाले? दाता दान करतो आणि कोठावळ्याचे पोट दुखते, या आशयाची म्हण मराठीत आहे. कोठावळा म्हणजे कोठार सांभाळणारा. धान्य त्याचे नसते. तरीही ते देताना त्याचा हात आखडतो. देणारा आणि घेणारा यांच्यामधील माणसाकडे ही म्हण बोट दाखवते.

(४) घेणाऱ्याचे काय? 'धर्माची गाय आणि दात काय' ही म्हण घेणाऱ्याला गप्प बसवते. फुकट मिळालेल्या वस्तूचा कस पाहू नये, असे ती बजावते. उलट 'भीक नको पण कुत्रा आवर' या म्हणीत घेणाराच बोलतो. मदतीपेक्षा मदतीबरोबर येणारा उपद्रव मोठा झाला, असे तो सांगतो. या दोन म्हणी समोरासमोर ठेवल्या, की दानाच्या व्यवहारात घेणाऱ्याला बोलण्याचा अधिकार आहे की नाही, हा वाद समाजात जुना असल्याचे लक्षात येते.

हे चार प्रश्न पुढील विवेचनात आपल्याला पुन्हा पुन्हा लागणार आहेत. ते वहीत लिहून ठेवा.

> स्वयं-अध्ययन प्रश्न – १
> (अ) 'दान' आणि 'त्याग' या शब्दांच्या अर्थाचा भर कोणत्या बाबतीत वेगळा आहे?
> (आ) 'कोठावळा' ही व्यक्तिरेखा दानव्यवहारातील कोणत्या घटकाचे प्रतिनिधित्व करते?

४.२.३ दोन जुनी उदाहरणे : दामाजीपंत आणि महमूद गावान

औशाचा भुईकोट किल्ला ज्या बहमनी राजवटीच्या काळाशी जोडला जातो, तिची पंधराव्या शतकातील राजधानी बीदर येथे होती. या बीदरशी संबंधित दोन हकिगती दानाच्या चिकित्सेसाठी उपयुक्त आहेत. एक भक्तिपरंपरेने सांगितलेली आहे. दुसरी इतिहासकाराने नोंदवलेली आहे. दोहोंच्या प्रामाण्याचे स्वरूप वेगळे आहे, हे वाचताना लक्षात ठेवा.

दामाजीपंत हे मंगळवेढ्याचे अधिकारी. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली. बादशहाने त्यांना पकडून आणण्याची आज्ञा केली. परंपरा सांगते की, विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात धान्याची किंमत भरली आणि दामाजीपंतांची सुटका झाली. महिपतींच्या 'भक्तविजय' या संतचरित्रग्रंथात ही कथा आली आहे.

येथे आपला पहिला प्रश्न उभा राहतो : धान्य कोणाचे होते? कायद्याच्या दृष्टीने ते बादशहाचे. मग दामाजीपंतांचे कृत्य 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' ठरते काय? लोकमानसाने या प्रश्नाचे उत्तर कथेतूनच दिले आहे. दामाजीपंतांनी धान्याबरोबर स्वतःचे पद आणि प्राणही पणाला लावले होते. दुसऱ्याचे धन देताना त्याची किंमत स्वतः मोजण्याची तयारी असली, तर ते तुळशीपत्र राहत नाही. शिवाय ते धान्य शेतकऱ्यांकडूनच गोळा झालेले होते. तेव्हा ते खरोखर 'दुसऱ्याचे' होते काय, असाही प्रतिप्रश्न विचारता येतो. तरीही कथेत अखेर किंमत भरली जाते, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. लोकांना आपला संत उदार हवा होता, पण त्याच्या नावावर बाकी राहिलेली नको होती.

दुसरे उदाहरण महमूद गावान यांचे. इराणमधील गीलान प्रांतातून व्यापारी म्हणून आलेला हा विद्वान पुढे बहमनी राज्याचा प्रमुख वजीर झाला. बीदर येथील त्याचा मदरसा १४७२ मध्ये पूर्ण झाला. त्याचे भव्य अवशेष आजही उभे आहेत. दरबारातील विरोधकांनी त्याच्या नावाने राजद्रोहाचे बनावट पत्र तयार केले आणि १४८१ मध्ये सुलतान मुहम्मदशाह तिसरा याच्या आज्ञेने त्याचा वध झाला.

फरिश्ता या इतिहासकाराने यापुढील हकीकत दिली आहे. इतक्या वर्षांच्या वजिरीत गावानने अपार संपत्ती साठवली असेल, असे सुलतानास वाटले. त्याने खजिनदाराला बोलावून विचारणा केली. तेव्हा कळले की, गावानचे दोन खजिने होते. एक राज्यकारभाराच्या आणि लष्कराच्या खर्चासाठी, दुसरा गरिबांसाठी. आणि दोहोंतही फारसे काही शिल्लक नव्हते. स्वतःचा निर्वाह तो व्यापारातील आपल्या मूळ भांडवलाच्या नफ्यावर साधेपणाने करत असे.

सुलतानाने खजिन्याचा हिशेब विचारला खरा, पण वधानंतर. हाच हिशेब आधी विचारला असता, पत्राची शहानिशा केली असती, तर निर्णय वेगळा झाला असता. शंका घेणे ही सुलतानाची चूक नव्हती. उत्तर येण्याआधीच निर्णय घेणे ही त्याची चूक होती.

४.२.४ भूदान : शुद्ध हेतू आणि मिश्र परिणाम

औसा परिसर भारतीय संघराज्यात आला तो १९४८ मधील हैदराबाद मुक्तीनंतर; आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्याचाच भाग होता. याच हैदराबाद राज्यातील नलगोंडा जिल्ह्यात पोचमपल्ली येथे १८ एप्रिल १९५१ रोजी भूदान चळवळीचा आरंभ झाला. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील गागोदे या गावी जन्मलेले विनोबा भावे तेथे पोहोचले होते. गावातील भूमिहीनांनी आपल्याला जमीन हवी असल्याचे सांगितले आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली. त्यानंतर विनोबांनी अनेक वर्षे देशभर पदयात्रा केली. ४० लाखांहून अधिक एकर जमीन दानात मिळाली.

विनोबांच्या त्यागाविषयी कोणी शंका घेतली नाही. शंका होती ती मिळालेल्या जमिनीविषयी. दानात आलेल्या जमिनीपैकी बरीच खडकाळ, नापीक किंवा वादग्रस्त निघाली. काही दात्यांनी ज्या जमिनीवर आपला ताबा टिकणार नाही, तीच देऊ केली. मोठ्या क्षेत्राचे वाटप कागदावरच राहिले. 'धर्माची गाय आणि दात काय' असे म्हणून भूमिहीनाने गप्प बसावे काय? त्याला नांगर चालवायचा होता. त्यामुळे जमिनीचा कस पाहणे हा त्याचा अधिकारच होता.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जी जमीन कसदार होती आणि ज्याला ती प्रत्यक्ष मिळाली, त्या कुटुंबाचे आयुष्य बदलले. देशातील जमिनीच्या विषम वाटणीचा प्रश्न गावोगावी चर्चेला आला. यावरून चिकित्सेचा एक महत्त्वाचा नियम मिळतो : हेतू आणि परिणाम यांची तपासणी स्वतंत्रपणे करावी. हेतू शुद्ध असूनही परिणाम अपुरा असू शकतो; आणि हेतूत नावाची हौस मिसळलेली असतानाही बांधलेली विहीर पाणी देऊ शकते.

४.२.५ किल्लारी, १९९३ : चार प्रश्नांची कसोटी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. गणेशविसर्जन आटोपून माणसे नुकतीच झोपली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि माळवदाचे जड छत अशी येथील घरांची रचना होती. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच घरे त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळली. औसा तालुक्यातील किल्लारी आणि शेजारच्या तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर ही गावे उद्ध्वस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर आलेल्या मदतीला आपले चार प्रश्न लावून पाहू.

कोणाचे? पुनर्वसनाच्या मोठ्या कार्यक्रमासाठी महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेचे सहाय्य घेतले. बोलताना लोक सहज म्हणतात, "घरे जागतिक बँकेने दिली." परंतु ते सहाय्य कर्जरूपाने होते, आणि कर्ज सार्वजनिक पैशातून फेडले जाते. म्हणजे त्यात घर मिळालेल्या शेतकऱ्याचाही वाटा आला. 'दिले' हे क्रियापद कर्जासाठी वापरले, की नागरिक याचक ठरतो. भाषेच्या अभ्यासकाने असा शब्द पाहून थांबले पाहिजे.

कशासाठी? शासनाबरोबरच अनेक स्वयंसेवी संस्था, उद्योगसमूह आणि धार्मिक संस्था पुढे आल्या. मोठ्या आपत्तीनंतर फलक लावणारे, छायाचित्रे काढून परतणारे आणि निरुपयोगी कपड्यांचे गठ्ठे पाठवणारेही असतात. म्हणून कोण आले यापेक्षा कोण टिकले, हे पाहावे. ज्ञान प्रबोधिनीने हराळी येथे भूकंपानंतर सुरू केलेले शैक्षणिक काम त्या वर्षापुरते राहिले नाही. भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था हे पुण्यातील यशस्वी बांधकाम व्यावसायिक होते. व्यवसायातून बाजूला होऊन त्यांनी समाजकार्याला वाहून घेतले. भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेले. धान्याचे पोते एकदा देऊन मोकळे होता येते. मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली की अनेक वर्षे बांधून घ्यावे लागते. काळ हा हेतूचा चांगला परीक्षक असतो.

तरीही येथेही प्रश्न विचारता येतो. गाव, भाषेचा लहेजा, उरलेले नातेवाईक यांपासून दूर जाताना मुलांनी काय गमावले असेल? हा प्रश्न कार्याचे मोल कमी करत नाही. ज्याला मदत मिळते, त्यालाही तिची किंमत मोजावी लागते, याचे भान तो देतो.

वाटेत काय झाले? सर्वाधिक हानी झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. घराचे क्षेत्र कुटुंबाच्या पूर्वीच्या जमीनधारणेवर ठरवण्यात आले. भूमिहीन आणि अल्पभूधारक यांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४०० आणि मोठ्या शेतकऱ्यांना ७५० चौरस फूट. या निकषावर तुम्ही स्वतः विचार करा. पुनर्वसन ही *भरपाई* मानली, तर ज्याचे जितके गेले त्याला तितके, हे तत्त्व लागू होते. ते *साहाय्य* मानले, तर ज्याची गरज जितकी त्याला तितके, हे तत्त्व पुढे येते. भूमिहीनाच्या घरात माणसे कमी नव्हती. फक्त सातबारा नव्हता. एका शब्दाऐवजी दुसरा शब्द स्वीकारला, की भिंतींची लांबी बदलते.

घेणाऱ्याचे काय? नवी गावे सरळ, रुंद रस्त्यांची आणि शहरी आखणीची झाली. अनेकांची शेते दूर पडली. वाड्यासमोरची मोकळी जागा, गुरांचा गोठा, आळीतले निकट शेजार यांची सोय या आखणीत कमी होती, अशी टीका अभ्यासकांनी केली. याउलट, जी गावे हलवली नाहीत तेथील घरदुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात मालकाने स्वतः उभे राहून काम करून घ्यायचे होते. या कार्यक्रमात 'संवाद सहायक' म्हणून गावातील स्त्रियांना नेमण्यात आले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यासाठी पुढाकार घेतला. अनुदान किती, सिमेंट किती, भिंतीला आधार कोठे द्यायचा, हे शेजारणीने शेजारणीला समजावले. येथे घेणारी स्त्री केवळ लाभार्थी राहिली नाही. हिशेब विचारणारी आणि हिशेब सांगणारी झाली. कोठावळ्याच्या जागी ती स्वतःच उभी राहिली.

बाबा आमटे यांनी वकिली आणि जमीनदारी घराण्यातील सुखसोयी सोडून वरोड्याजवळ आनंदवन उभे केले. तेथेही भर भिक्षेवर नव्हता, तर कुष्ठरुग्णांच्या श्रमावर आणि स्वाभिमानावर होता. घेणाऱ्याच्या हाताला काम देणारे दान त्याला कायम हात पसरायला लावत नाही.

> स्वयं-अध्ययन प्रश्न – २
> (अ) भूदानाच्या उदाहरणातून चिकित्सेचा कोणता नियम मिळतो?
> (आ) 'भरपाई' आणि 'साहाय्य' या शब्दांच्या निवडीमुळे घरवाटपाचे तत्त्व कसे बदलते?

४.२.६ शंका आणि संशय

आतापर्यंतच्या विवेचनावरून आपल्याला एक भेद मांडता येतो. 'शंका' प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट पाहते. 'संशय' उत्तर आधीच ठरवून बसतो. व्यवहारात हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात. परंतु या घटकापुरता हा भेद पाळू.

शंकेला उत्तर देता यावे, अशी व्यवस्था समाजाने उभी केली आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार राज्यातील धर्मादाय संस्थांना नोंदणी आणि हिशेबतपासणी बंधनकारक आहे. शासकीय खर्चाची माहिती मागण्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. गावपातळीवर ग्रामसभा आहे. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. त्यांसाठी लोकांकडून पैसा घेतला, पण मालकी स्वतःकडे न ठेवता कारभार विश्वस्तांकडे सोपवला. प्रामाणिक दात्याला हिशेबाची अडचण वाटत नाही. हिशेब विचारल्याने अपमान झाला असे मानणारा दाता स्वतःविषयीची शंका वाढवतो.

संशयाला मात्र कोणताही हिशेब पुरत नाही. "सगळे चोर आहेत" हे वाक्य ऐकायला कठोर आणि अनुभवी वाटते. पण बहुधा त्याचा उपयोग स्वतः काहीच न देण्यासाठी होतो. अशा वाक्याने भोंदू दात्याचे काही बिघडत नाही. नुकसान होते ते खऱ्या कार्यकर्त्याचे, आणि त्याहून अधिक त्या मदतीची वाट पाहणाऱ्याचे. पारावर बसलेल्याचा संशय त्याला फुकट पडतो. त्याची किंमत दुसराच मोजतो. त्या अर्थाने असा संशय म्हणजेही हलवायाच्या घरावरचे तुळशीपत्र होय.

म्हणून शंका घेणाऱ्यालाही चार प्रश्न विचारावेत : मी माहिती घेतली आहे काय? उत्तर मिळाल्यास मत बदलण्याची माझी तयारी आहे काय? माझी शंका घेणाऱ्याच्या हिताची आहे काय? आणि मी स्वतः काय देतो?

४.३ सारांश

देण्यासाठी मराठीत असलेले विविध शब्द देणाऱ्या-घेणाऱ्याचे नाते ठरवतात. दानात दिलेल्या वस्तूवर, तर त्यागात देणाऱ्याजवळ उरलेल्यावर भर असतो. म्हणींमधील लोकशंका चार प्रश्नांत मांडता येते : कोणाचे, कशासाठी, वाटेत काय झाले, घेणाऱ्याचे काय. दामाजीपंतांची कथा पहिल्या प्रश्नाचा विचार करते. महमूद गावानची हकीकत चौकशीविना केलेल्या संशयाची किंमत दाखवते. भूदानातून हेतू व परिणाम वेगळे तपासण्याचा नियम मिळतो. किल्लारीच्या पुनर्वसनात चारही प्रश्न एकत्र येतात आणि घेणाऱ्याचा सहभाग ही दानाची महत्त्वाची कसोटी ठरते. शंका दानाला शिस्त लावते. संशय दानच थांबवतो.

४.४ शब्दार्थ

*कोठावळा* – कोठाराचा रखवालदार. *दानत* – देण्याची वृत्ती. *ऐपत* – देण्याची आर्थिक क्षमता. *माधुकरी* – घरोघरी मागून मिळवलेले शिजलेले अन्न. *माळवद* – लाकूड व मातीचे सपाट छत. *शहानिशा* – खरेखोटे तपासणे. *विश्वस्त* – दुसऱ्यांच्या हितासाठी मालमत्ता सांभाळणारा.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (अ) दानात काय दिले यावर, तर त्यागात देणाऱ्याजवळ काय उरले यावर भर असतो. (आ) देणारा आणि घेणारा यांच्यामधील वाटप करणाऱ्या मध्यस्थाचे.
२. (अ) हेतू आणि परिणाम यांची तपासणी स्वतंत्रपणे करावी. (आ) भरपाई मानल्यास नुकसानीच्या प्रमाणात, तर साहाय्य मानल्यास गरजेच्या प्रमाणात वाटप करणे योग्य ठरते.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'म्हणी म्हणजे लोकशंकेचे दप्तर' हे विधान या घटकातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
२. दामाजीपंत आणि महमूद गावान यांच्या हकिगतींची तुलना करा. आख्यायिका व इतिहास यांच्या प्रामाण्यातील फरकही सांगा.
३. घराचे क्षेत्र जमीनधारणेवर ठरवणे न्याय्य होते काय? दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत लिहा.
४. टीपा लिहा : (अ) संवाद सहायक (आ) शंका आणि संशय.

४.७ क्षेत्रीय कार्य

औसा, निलंगा, उमरगा किंवा लोहारा परिसरातील अशा दोन व्यक्तींशी बोला, ज्यांना १९९३ चे पुनर्वसन आठवते. त्यांपैकी एक स्त्री असावी. "तुम्हाला काय मिळाले?" या प्रश्नाने आरंभ करू नका, "तुम्हाला कोणी काही विचारले होते काय?" असे विचारा. बोलणाऱ्याने वापरलेले देण्या-घेण्याचे शब्द जसेच्या तसे, बोलीतील रूपात टिपा. नाव देण्यापूर्वी परवानगी घ्या. लेखन झाल्यावर ते त्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करूनच अभ्यासकेंद्रात सादर करा. त्यांनी तुम्हाला आपला वेळ आणि आपली आठवण दिलेली असेल. त्या देण्याचा हिशेब तुमच्याकडे आहे.